खारं पाणी, सोनं आणि स्टोव्हची पिन

पहिला दिवस : पर्थ ते कलगुर्ली

पहाटे साडेचारला निघालो. खरं तर विमानानं तासाभरात कलगुर्ली येतं, इकडं खाणीवर जाणारी सगळी जनता तशीच जाते, पण आमच्याबरोबर होतं लॅबमधलं तीन इंची, गरगर फिरवून सोनं वेगळं करणारं नेल्सन मशीन, चाळण्यांची चळत, वीसेक रिकाम्या बादल्या आणि सोनं धुवायची एक हिरवी प्लास्टिकची थाळी. हे सगळं लगेजमधे टाकलं तर पैसे जातात ते जातात, वर वेळेत पोचेल याची गॅरंटी नाही. म्हणून यूटच्या, म्हणजे मागं उघडा हौदा असलेल्या गाडीच्या, हौद्यात सगळं बांधलं आणि सहाशे किलोमीटर रस्त्यानं. मी आणि आमच्या लॅबमधला पोरगा, वय तेवीस, गाडी चालवताना एका हातात कायम आइस्ड कॉफी.

काम काय होतं ते आधी सांगते. कलगुर्लीच्या उत्तरेला एक मध्यम आकाराची खाण आहे, नाव लिहीत नाही. त्यांच्या प्लँटमधे दोन-एक वर्षांपूर्वी ग्रॅव्हिटीनं, म्हणजे नुसत्या जडपणावर वेगळं होऊन, येणारं सोनं बऱ्यापैकी होतं, ते हळूहळू घसरत शंभरातले एकवीस एवढंच उरलं होतं, आणि शेवटी टाकून द्यायच्या गाळात, म्हणजे टेल्समधे, सोनं वाढत चाललेलं. दगड बदलला असं त्यांचं म्हणणं. सगळे प्लँटवाले आधी दगडावरच ढकलतात, माझा अनुभव आहे.

नॉर्थम सोडलं की रस्त्याच्या कडेनं पाइपलाइन सोबत करायला लागते, कधी डावीकडं कधी उजवीकडं, पण सोडत नाही. ही सी. वाय. ओ'कॉनरची पाइपलाइन. कूलगार्डीला १८९२ मधे सोनं सापडलं, पुढच्या वर्षी पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन साथीदारांना कलगुर्लीत, माणसं लोंढ्यानं आली आणि प्यायला पाणी नाही. मग या इंजिनिअरनं पर्थजवळच्या डोंगरात मंडारिंगला धरण बांधून तिथून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, आठ पंपिंग स्टेशनं लावून, चढावर पाणी न्यायचं ठरवलं, दिवसाला ५० लाख गॅलन. पेपरवाल्यांनी आणि पुढाऱ्यांनी त्याला इतकं छळलं की मार्च १९०२ मधे त्यानं समुद्रकिनारी स्वतःला गोळी घातली. पाणी कलगुर्लीला पोचलं जानेवारी १९०३ मधे. कंडरडिनला जुनं पंपिंग स्टेशन आहे, आता म्युझियम केलंय, तिथं उभं राहून आम्ही सँडविच खाल्लं. पोरगा म्हणाला, शाळेत असताना सहलीला आणलं होतं, काही आठवत नाही, फक्त उलटी झाली ते आठवतं.

पाणी यायच्या आधीची गोष्ट मला जास्त आवडते. पाणीच नाही तर सोनं धुणार कशात? तर हे लोक ड्राय ब्लोइंग करायचे. एक थाळी उंच धरून माती खालच्या थाळीत ओतायची, वारा हलकी माती उडवून नेतो, जड ते सरळ खाली पडतं. पुढं मग त्यासाठी भात्याची यंत्रं निघाली. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा म्हटलं अरे, हे तर खळ्यावर वारं देणं झालं, आजोळी शिरोळला ज्वारीची रास अशीच तिवईवर उभं राहून करायचे, भुसा एकीकडं दाणे एकीकडं. ग्रॅव्हिटी कॉन्सन्ट्रेशन म्हणून मी जे इंजिनिअरिंगला शिकले ते एवढंच, बाकी मोटर आणि बिल वेगळं.

आणि दुसरं घरचं. आमचं कोल्हापूरला गुजरीच्या मागच्या बोळात सोन्याच्या कारागिरीचं छोटं दुकान. आबा पाटावर बसून काम करायचे, आणि रोजचा केर कधी म्हणजे कधी बाहेर टाकायचा नाही, हात धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत साठवायचं. दोन-तीन महिन्यांनी झारेकरी यायचा, तो सगळा केर घासाघीस करून विकत घ्यायचा आणि धुवून त्यातून सोनं काढायचा. लहानपणी मला तो माणूस जादूगार वाटायचा. मोठेपणी कळलं की शेवटी पारा वापरायचे आणि तो पारा चुलीवर उडवायचे, तेव्हा जादू जरा कमी झाली.

दुपारी दोनला कलगुर्ली. सुपर पिटच्या, म्हणजे इथल्या उघड्या सोन्याच्या खाणीच्या, कठड्यावर गेलो, साडेतीन किलोमीटर लांब, दीड रुंद, सहाशे मीटरच्या वर खोल असं ते भोक, खालचे डंपर काड्यापेटीएवढे. मी पाचव्यांदा बघितलं असेल तरी प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. माश्या मात्र असह्य. तोंड उघडायची सोय नाही.

दुसरा दिवस : प्लँट

सकाळी मेन्झीजच्या रस्त्याला लागलो. जमीन आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी लालभडक, फक्त झाडं नावाला. गेटवर फुंकायची मशीन, दारूचा शून्य आला तरच आत. मग इंडक्शन, म्हणजे सुरक्षेचे धडे, मग सायनाइडचं इंडक्शन, मग पेपर, मग खिशाला लावायचा गॅसचा मीटर. अकरा वाजले.

प्लँट तसा साधा. दगड फोडून बॉल मिलमधे, म्हणजे स्टीलचे गोळे भरलेल्या फिरत्या पिंपात, पाणी घालून दळतात, तासाला नव्वदेक टन. मिलमधून निघालेला गाळ पंपानं सायक्लोनमधे जातो. सायक्लोन म्हणजे निमुळतं तोंड खाली असलेलं नरसाळं समजा, गाळ आत गोल फिरतो, बारीक आणि हलकं ते वरून बाहेर पडून सोनं विरघळवायच्या सायनाइडच्या टाक्यांकडं, जाड आणि जड ते खालून परत मिलकडं. आता गंमत अशी की सोन्याची घनता १९.३ आणि गारेची, म्हणजे गारगोटीच्या दगडाची, २.६५, त्यामुळं सोन्याचा कण चांगला बारीक दळला गेला असला तरी सायक्लोनला तो जडच वाटतो आणि परत मिलमधे पाठवतो. परत दळणं, परत सायक्लोन, परत मिल. दगड त्या फेऱ्यातून दोन-तीन चकरा मारून सुटतो, सोनं मात्र किती चकरा मारेल याला हिशोब नाही. सोनं फुटत पण नाही ना, ते मऊ, गोळे आपटून आपटून त्याचा पापड होतो, मिलच्या लायनरच्या, म्हणजे आतल्या अस्तराच्या, फटीत जाऊन बसतं, स्टीलचे कण त्याला चिकटतात. म्हणजे मिल आणि सायक्लोनच्या त्या फेऱ्यात सोनं साठत जातं, आणि पकडायचं तर तिथंच पकडायचं.

म्हणून सायक्लोनच्या खालून येणाऱ्या गाळातला काही भाग काढून, दोन मिलिमीटरच्या चाळणीवरून, ग्रॅव्हिटीच्या मशीनला देतात. इथं तीस इंची मशीन होतं. बाहेरून बघितलं तर वॉशिंग मशीनचा थोरला भाऊ. आत एक शंकूसारखं भांडं, त्याला आतून गोल कडी कडी, ते गरगर फिरतं आणि पृथ्वी ओढते त्याच्या साठपट जोरानं सगळं बाहेर दाबलं जातं. आता एवढ्या जोरात दाबलं तर कड्यांमधे वाळू सिमेंटसारखी घट्ट बसेल, म्हणून भांड्याच्या भिंतीला बारीक भोकं असतात आणि त्यातून बाहेरून आत पाणी सोडतात. त्या पाण्यानं कड्यांतला थर सैल राहतो, जड कण आत घुसतो, हलका उचलून बाहेर फेकला जातो. सगळी करामत त्या पाण्याची आहे, फिरण्याची नाही. कॅनडातल्या बायरन नेल्सन नावाच्या माणसाची ही डोक्यालिटी. ठराविक वेळानं मशीन थांबतं, कड्यांतला माल धुवून खाली पाडतं, पंचवीस-तीस किलो, आणि परत सुरू.

मी बघितलं तर इथं धुण्याची वेळ तासावर ठेवलेली. लगेच म्हटलं, सापडलं! यांच्या दगडात पायराइट भरपूर, त्याची घनता ५ च्या आसपास, तासाभरात कडी पायराइटनं भरणार आणि सोन्याला जागा उरणार नाही, वेळ अर्धी करा. प्लँटचा मेटलर्जिस्ट, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, शांतपणे म्हणाला, "करून बघू." केलं. संध्याकाळपर्यंत थोडा फरक दिसला आणि त्या थोड्या फरकानंच मी आणखी चुकीच्या वाटेला लागले, ते पुढं येईलच.

रात्री मेसमधे बटर चिकन होतं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

तिसरा दिवस : बादल्या

हा दिवस नुसता नमुने गोळा करण्यात गेला आणि लोकांना वाटतं त्यात काय विशेष, पण माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथं आहे. सोन्याचा नमुना म्हणजे भयंकर फसवा प्रकार. प्लँटच्या रजिस्टरमधे सायक्लोनच्या खालच्या गाळाचे आकडे बघितले, एकाच बादलीतले दोन नमुने, एक म्हणतो टनाला १४ ग्रॅम, दुसरा म्हणतो ६१. लॅबवाल्यांना शिव्या बसत होत्या. लॅबची चूक नाही हो. हिशोब करा, अर्ध्या मिलिमीटरचा सोन्याचा एकच गोल दाणा असला तर त्याचं वजन सव्वा मिलिग्रॅम, आणि तो पन्नास ग्रॅमच्या नमुन्यात आला तर रिपोर्ट एकदम २५ ग्रॅमनं वर. नाही आला तर खाली. मग पन्नास ग्रॅम घेऊन त्याच्यावर निर्णय घेणं म्हणजे भातातलं एक शीत काढायचं आणि नेमका खडा लागला की म्हणायचं सगळा भात खड्यांचा.

म्हणून बादल्या. मशीनमधे जाणारा गाळ आणि मशीनमधून बाहेर पडणारा गाळ, दोन्ही तास-दीड तास थोडे थोडे करत तीस-तीस किलो. गाळाच्या धारेत कटर, म्हणजे नमुना घ्यायचं भांडं, आडवा एका दमात फिरवायचा, मधे थांबायचं नाही, भरून सांडू द्यायचा नाही, सांडलं तर फेकून परत. चाळीसच्या वर टेंपरेचर, पोराच्या टीशर्टवर मिठाचे नकाशे. ते दोन्ही नमुने मग आमच्या छोट्या नेल्सनमधून काढायचे. छोटं मशीन नीट हळू चालवलं की ते ग्रॅव्हिटीनं निघण्यासारखं जवळपास सगळं सोनं पकडतं, अशा सोन्याला धंद्यात जीआरजी (ग्रॅव्हिटी रिकव्हरेबल गोल्ड) म्हणतात, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या आंद्रे लाप्लांत यांनी ही टेस्ट बसवली. मोठ्या मशीनमधे किती पकडण्यासारखं सोनं गेलं आणि त्यातलं किती तसंच बाहेर पडलं, हे दोन आकडे मिळाले की मशीन काम करतंय का झोपा काढतंय ते कळतं. दगडावर ढकलायची सोय राहत नाही.

पक्के आकडे लॅबमधून यायला दिवस लागणार होते. पण मला दम कुठला. संध्याकाळी मोठ्या मशीनमधून बाहेर पडलेला, म्हणजे फेकून दिलेला गाळ जरासा हिरव्या थाळीत घेतला आणि शेडच्या मागं टबमधे धुवायला बसले. धुता येतं मला, पण सराव गेलेला. वाळूबरोबर काळं पण सांडायला लागलं.

तेवढ्यात आबांचा व्हिडिओ कॉल. इथं सहा म्हणजे तिकडं साडेतीन, दुपारची झोप काढून उठलेले.

"काय धुतीयास?"

"सोनं, आबा."

"दाव बघू." मी फोन बादलीला टेकवून ठेवला. दोन मिनिटं गप्प बघत बसले. मग म्हणाले, "मनगटानं नको फिरवूस. ताट पाण्याच्या आतच ठेव, वर काढू नकोस. आधी नुसतं हलव, खाली बसू दे त्याला. बसल्याशिवाय सांडायचं नाही. तू घाईत सांडतीयास."

पाण्याच्या आत ठेवून नुसतं हलवलं. मग कड हळू खाली. गार गेली, काळं राहिलं, त्याला लोहचुंबक फिरवून मिलच्या गोळ्यांचा चुरा काढला, परत हलवलं. आणि काळ्या पायराइटच्या मागं पिवळी शेपूट आली. बोटभर नाही पण नखभर तर नक्की, आणि नुसत्या डोळ्याला दाणे वेगळे दिसत होते. पायराइट हलवलं की चमक मारून विझतं, सोनं सावलीत पण तसंच पिवळं राहतं.

"आलं की," आबा म्हणाले.

आलं खरं, पण ते यायला नको होतं. हा मशीननं फेकलेला गाळ होता. साठपट जोर लावून मशीनला जे सापडलं नाही ते मला चारशे रुपयांच्या थाळीत सापडत होतं. पोरगा बघत होता, तो म्हणाला, "हे चांगलं की वाईट?" मी म्हटलं आपल्या बिलाला चांगलं.

चौथा दिवस : पिन

सकाळच्या मीटिंगमधे थाळीचा फोटो दाखवला आणि मशीन उघडायला मागितलं. शिफ्टचा फोरमन तयार नव्हता, उघडायचं म्हणजे अर्धा दिवस बंद. मेटलर्जिस्टनं फोटोकडं बघितलं आणि फोनवर कुणाशी तरी बोलून परवानगी आणली. मग वीज तोडणं, पाणी तोडणं, प्रत्येकानं आपापलं कुलूप लावणं, माझं कुलूप लाल, त्यावर माझा चार वर्षांपूर्वीचा भयानक फोटो. दहा वाजता क्रेननं ते भांडं बाहेर आलं.

वरच्या कड्या बऱ्या होत्या. खालच्या कड्यांत बोट फिरवलं तर भोकं लागेचनात. टॉर्च मारला, भोकांत पांढरं पांढरं, खडूसारखं, काही ठिकाणी राखाडी मातीचं बूच. अर्ध्याच्या वर भोकं बंद. म्हणजे काय होत होतं, की मशीन सुरू झालं की पहिल्या काही मिनिटांत खालच्या कड्या वाळूनं घट्ट भरायच्या, दगडासारख्या, आणि नंतर येणारं सोनं त्यावरून घसरून बाहेर. वेळ अर्धी केल्यावर थोडा फरक का पडला ते पण कळलं, ती पहिली काही मिनिटं आता दुप्पट वेळा मिळत होती. माझं निदान साफ चुकलं होतं, औषध चुकून थोडं लागू पडलं इतकंच.

आता हे पांढरं कुठून आलं? इथलं बोअरचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारं, या भागात सगळीकडं तसंच, आणि त्यात मॅग्नेशियम भरपूर. सायनाइडच्या टाक्यांसाठी चुना घालावा लागतो, नाहीतर सायनाइडचा गॅस होऊन उडून जातो, आणि या पाण्यात चुना पडला की मॅग्नेशियम पांढऱ्या चिकट गाळासारखं बाहेर येतं. त्यामुळं पीएच पण नऊ-साडेनऊच्या वर सहजी जात नाही, कितीही चुना ओता, सगळा मॅग्नेशियम खातं. हे वापरलेलं, चुना आणि बारीक माती असलेलं पाणी टेल्सच्या धरणावरून परत येतं, त्याला प्रोसेस वॉटर म्हणतात. दळायला ते ठीक. पण ग्रॅव्हिटी मशीनच्या भोकांना ते द्यायचंच नाही, तिथं सरळ बोअरचं पाणी फिल्टरमधून द्यायचं. ड्रॉइंगवर पण तसंच होतं.

पाइपच्या मागं मागं गेलो. मी, मेटलर्जिस्ट आणि एक म्हातारा फिटर, ज्याला त्या प्लँटमधला प्रत्येक नट पाठ आहे. पंपाच्या मागं दोन व्हॉल्व्ह. फिटर बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, हे मीच केलंय." झालं होतं असं की मागच्या हिवाळ्यात बोअरच्या पाण्याचा पंप गेला, नवा यायला वेळ, म्हणून तात्पुरतं प्रोसेस वॉटर जोडलं. नवा पंप आला, बसवला, चालू पण केला. व्हॉल्व्ह फिरवायचा राहिला. त्यानंतर तो फिटर सुट्टीवर, पुढची शिफ्ट दुसरी, आणि मशीन तर फिरतंय, पाणी तर येतंय, स्क्रीनवर सगळं हिरवं. मीटर पाणी किती जातंय ते मोजत होता, भोकातून जातंय का ते नाही. पाणी काय, उघड्या भोकांतून दुप्पट जोरानं जात होतं.

साफ कसं करायचं. पोरगा म्हणाला ॲसिड टाकू, पाच मिनिटांत विरघळेल. सगळे एकदम ओरडले त्याच्यावर. ज्या भांड्यात सायनाइडचं पाणी फिरलंय त्यात ॲसिड ओतलं की जो गॅस निघतो तो वास घ्यायला माणूस उरत नाही. म्हणून स्वच्छ पाण्यानं धू धू धुवून, उघड्यावर ठेवून, हातानं. आतलं अस्तर पॉलियुरेथेनचं, जोर केला तर भोक मोठं होणार, म्हणजे ड्रिल पण सांभाळून. फिटरनं कुठून तरी बारीक स्टीलची तार आणली, तिचे तुकडे करून टोकं वाकवून दिली.

आणि मग आम्ही तिघं उलट्या बादल्यांवर बसून एकेक भोक उघडत होतो. भोकं सरळ नाहीत, तिरकी आहेत, फिरण्याच्या उलट्या दिशेला, त्यामुळं तार त्या कोनातच घालायला लागते. दोनदा आत जाते, अडते, जरा फिरवली की कट्ट करून बूच सुटतं आणि पांढरी भुकटी पडते. मला स्टोव्हची पिन आठवली. घासलेटचा स्टोव्ह, पिवळी ज्योत, आणि आई ती पत्र्याची पिन घेऊन बर्नरचं भोक टोचते, खालून भस्सकन फवारा येतो. गुजरीतल्या घरी मला तेच काम होतं. फिटरला सांगितलं तर त्याला स्टोव्ह माहीत होता, कॅम्पिंगचा, त्याच्या बापाकडं होता म्हणे. तेवढ्यावर अर्धा तास गप्पा चालल्या. दुपारी साडेतीनपर्यंत आम्ही भोकं उघडत होतो आणि माझी बोटं अजून दुखतायत.

वरची चाळणी पण बघितली. दोन मिलिमीटरच्या फटींत गोळ्यांचा चुरा आणि खडी अडकून निम्मी चाळणी आंधळी, म्हणजे मशीनला मिळायचा तेवढा गाळ पण मिळत नव्हता, चाळणीवरूनच परत मिलला जात होता. एक अख्खं पॅनल बदललं.

पाचवा दिवस

मशीन सकाळी सुरू. व्हॉल्व्ह फिरवला, फिल्टर साफ केला. दुपारी परत बादल्या, परत तीस-तीस किलो, परत ऊन. मधेच धुळीचं वादळ आलं, वीज गेली, सगळा प्लँट चाळीस मिनिटं ठप्प, नमुना फुकट, परत पहिल्यापासून. पोरगा एका कोपऱ्यात जाऊन काहीतरी पुटपुटून आला, मी ऐकलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी परत हिरवी थाळी, फेकलेल्या गाळाची. शेपूट होती, पण विरळ, मोजण्यासारखे दाणे. मोठे तर एक-दोनच.

सहावा दिवस : गोल्ड रूम

गोल्ड रूममधे जायचं तर घड्याळ, अंगठी, पेन, सगळं बाहेर. मंगळसूत्र मी घरूनच काढून आलेली. दोन माणसं असल्याशिवाय दार उघडत नाही, वर कॅमेरे. पूर्वी ग्रॅव्हिटीचा माल थरथरत्या टेबलावर परत धुवून सरळ भट्टीत टाकायचे, माणसाचा हात आणि डोळा त्यात फार लागायचा, आणि माणसाचा हात लागतो तिथं चोरी पण होते. आता तो माल एका बंद टाकीत, इंटेन्सिव्ह लीच म्हणतात, सायनाइड दोन टक्क्यांच्या आसपास. बाहेरच्या मोठ्या टाक्यांत ते टक्क्याचे काही शतांश असतं, यावरून अंदाज करा. जाड सोनं बाहेरच्या टाकीत एक-दीड दिवसात पूर्ण विरघळत नाही, ते या टाकीत विरघळतं. मग वीज सोडून ते सोनं स्टीलच्या जाळीवर बसवायचं, वाळवायचं, बोरॅक्स वगैरे घालून वितळवायचं.

ओतणं बघायला मिळालं. भट्टी कलली, आधी काचेसारखा मळ, मग जड, सावकाश, तेलासारखी धार. माझं सगळं आयुष्य सोन्याच्या आजूबाजूला गेलं, आधी ग्रॅम-मिलिग्रॅममधे आता टनात, तरी ती धार बघताना मी दर वेळी गप्प होते. लादी थंड झाल्यावर हातोडीनं मळ झाडला तर तो मळ पण वेचून डब्यात. फरशी पुसलेलं फडकं पण डब्यात. मी हसले. म्हटलं इथं एक झारेकरी ठेवा नोकरीला.

मेटलर्जिस्टबरोबर बसून मग खरं बोलणं झालं. तो खुश होता की ग्रॅव्हिटीचा आकडा वर जाणार. मी म्हटलं जाणार, पण त्याला फार हुरळून जाऊ नका. ग्रॅव्हिटीत जास्त पकडलेलं बरंचसं सोनं तसंही सायनाइडच्या टाकीत मिळणारच होतं. ते आधी पकडलं तर टाकीतलं विरघळलेलं सोनं शोषून घेणाऱ्या कोळशावरचा भार कमी होतो, पैसे लवकर हातात येतात, हे फायदे आहेतच, पण खरी कमाई फक्त तेवढ्या सोन्याची जे टेल्समधे जाऊन वाया जात होतं. ग्रॅव्हिटी एकवीसवरून छत्तीस झाली म्हणून कुणी पंधरा टक्के सोनं वाढलं असं स्लाइडवर लिहिलं तर समजायचं एकतर त्याला कळत नाही किंवा त्याला बोनस पाहिजे. म्हणून टेल्स चाळून बघा, जाड भागात किती सोनं आहे ते वेगळं मोजा, आधीचं आणि आत्ताचं. तिथं कमी झालं तर झालं.

आणि दुसरं, पंधरा दिवसांनी मिलचे लायनर बदलणार आहेत. तेव्हा फटींत बसलेलं सोनं एकदम बाहेर येणार, आकडे गगनाला भिडणार, त्या महिन्याचा आकडा आमच्या नावावर लावू नका. तो हसला, म्हणाला, "असं सांगणारी कन्सल्टंट पहिल्यांदा बघतोय." चुकून वेळेचं निदान पण मीच दिलं होतं हे तो विसरला नव्हता बहुतेक, पण बोलला नाही. तासाचं अर्धा तास मात्र आम्ही तसंच ठेवलं, पायराइट आहेच.

सातवा दिवस : परत

पहाटे निघालो, कांगारू रस्त्यावर येतात म्हणून उजाडेपर्यंत हळू. सदर्न क्रॉसला पोरगा म्हणाला त्याला आता ती थाळी धुवायची पद्धत शिकायचीय, आबांना विचार शिकवतील का. फोन लावला. आबांना इंग्लिश येत नाही, त्याला मराठी येत नाही, पेट्रोल पंपाच्या बाकावर रिकामी थाळी घेऊन हा हवेत हलवतोय आणि ते तिकडून "हळू, हळू, सांडू नको" करतायत, आणि त्याला सगळं कळत होतं.

पक्के आकडे पुढच्या आठवड्यात आले. आधी मोठं मशीन त्याच्याकडं येणाऱ्या पकडण्यासारख्या सोन्यातलं शंभरात तेरा पकडत होतं, भोकं उघडल्यावर त्रेचाळीस. टेल्सच्या जाड भागातलं सोनं निम्म्याच्या जवळ आलं, बारीक भागात काही फरक नाही, तिथं पडायचं कारणही नव्हतं. सगळं मिळून टेल्स टनाला ०.३१ ग्रॅमवरून ०.२६. ऐकायला काहीच नाही, पण तासाला नव्वद टनांनी वर्षभर गुणून बघा.

परवा फिटरचा मेसेज आला, नुसता फोटो. पंपामागचा तो प्रोसेस वॉटरचा व्हॉल्व्ह, लाल रंगवलेला, तारेनं आवळून बांधलेला. आणि त्या तारेत, आम्ही भोकं उघडायला वापरलेली एक वाकडी पिन अडकवून ठेवलेली.